हेस्टरबाईंकडचं जेवण

आमची गाडी मुळात गडद निळी आहे, पण माझ्या मुलीच्या गावाहून, कॅरीहून निघालो त्या शनिवारी सकाळी ती पिवळी होती. एप्रिल लागला की नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनच्या झाडांचा पोलन (पराग) उडू लागतो आणि गाड्यांवर, पायऱ्यांवर, टपालाच्या पेट्यांवर, कठड्यावर झोपलेल्या मांजरावरसुद्धा एक पिवळा थर बसतो.

"जेजुरीच आहे बापा ही," सुलभाताई काचेवर बोटानं रेघ ओढत म्हणाल्या. "फक्त येळकोट करणारं कोणी नाही."

सुलभाताई म्हणजे माझ्या विहीणबाई, नागपूरच्या. त्यांचा मुलगा निनाद, माझा जावई, या परागानं इतका शिंकत होता की त्याला खिडक्या बंद करून घरातच ठेवावं लागलं. निघालो आम्ही तिघीच. माझी मुलगी मुक्ता गाडी चालवत होती, सुलभाताई तिच्या शेजारी, आणि मागे मी, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. मागची जागा मी मागून घेतली होती. उभा जन्म पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. गप्प बसून बघत राहण्याची मला सवय आहे. सुलभाताईंना ती नाही.

सहलीचं सांगण्याआधी घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मुक्ताचे बाबा गेल्या वर्षी पुण्यात वारले. तेव्हा तिचे व्हिसाचे कागद अडकले होते. देश सोडला असता तर परत येता येईल की नाही, हे कोणालाच सांगता येईना. तिनं सगळं फोनवर पाहिलं. माझ्या पुतण्यानं फोन धरला होता आणि मधे सारखं कोणीतरी आड येत होतं, म्हणजे तिला त्यातलं किती दिसलं कोण जाणे. फेब्रुवारीत मी कॅरीला आल्यापासून मुक्ता माझं सगळं प्रेमानं करत होती. औषधं, फिरायला नेणं, ग्रंथालयाचं कार्ड काढून देणं. पण बाबांचं नाव नाही. मी 'तुझे बाबा' म्हटलं की ती उठून डिशवॉशर लावायची. कधी कधी तर स्वच्छ भांडीच पुन्हा धुऊन निघायची.

पुढच्या आठवड्यात माझं परतीचं विमान होतं. त्याआधी एकदा तिनं माझ्याजवळ बाबांविषयी काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं. काहीही चाललं असतं. तक्रारसुद्धा.

समुद्राकाठच्या विल्मिंग्टनची ही सहल तिनं आखली होती ती बहुधा तशी वेळ येऊ नये म्हणूनच. आधी प्रसिद्ध बाग, मग नदीवरची बोट, मग आइस्क्रीम, मग समुद्र. बोलायला जागाच नव्हती.

हमरस्ता सरळ समुद्राकडे जातो. दोन्ही बाजूंना पाइनच्या भिंती आणि मधूनच एखाद्या चर्चची पाटी. अर्ध्या वाटेवर एका छोट्या उपाहारगृहात थांबलो. तिथली बाई आम्हा तिघींनाही 'हनी' म्हणत होती. तिनं आणलेला बिस्किट नावाचा पदार्थ आपल्या बिस्किटासारखा मुळीच नव्हता. तो मऊ, पापुद्र्यांचा, लोण्यात न्हालेला गरम पाव होता. सोबत स्वीट टी (बर्फ घातलेला गोड कोरा चहा). सुलभाताईंनी एक घोट घेतला आणि पेला लांब धरून पाहिला.

"चहात साखर नाही टाकली यांनी. साखरेत चहा टाकून राहिले."

तरी त्यांनी तो संपवला, आणि मला वाटतं पुढे दिवसभर जे झालं त्यात त्या साखरेचाही हात होता.

विल्मिंग्टनला पोचलो तर बागेच्या दारातच नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस गाड्या परत वळवत होता. अझेलिया (गुच्छागुच्छांनी फुलणारं झुडूप) बघायला सगळं राज्य लोटलं होतं. मुक्ताचा बेत पहिल्याच मुक्कामाला कोसळला. ती दुसरी जागा शोधत गल्ल्यांतून फिरत होती, तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन वाजला. या शनिवारी ऑन-कॉल तीच होती. तिनं एका लोखंडी कुंपणाशी, सावलीत गाडी लावली आणि लॅपटॉप मांडीवर उघडला.

"आई, अहो आई, तुम्ही दोघी जरा पाय मोकळे करा. मी हा कॉल संपवून येते. लांब जाऊ नका, प्लीज." आई म्हणजे मी आणि अहो आई म्हणजे सुलभाताई. घरात हा फरक सगळ्यांना पाठ आहे.

कुंपणावरून गुलाबी फुलं रस्त्यावर ओसंडत होती. थोडं पुढे एक छोटं फाटक सताड उघडं होतं. सुलभाताई आत डोकावल्या आणि वळून माझ्याकडे अशा बघू लागल्या की जणू त्यांनी अमेरिकेला रंगेहाथ पकडलंय.

"तिकीट नाही, रांग नाही, अन् फुलं त्या बागेपेक्षा जास्त! चला जी, डबे घ्या."

आत पाऊल टाकलं आणि मी मान वर करून बघतच राहिले. लाइव्ह ओक (बारमाही हिरवा राहणारा ओक) नावाची प्रचंड झाडं होती; त्यांच्या फांद्या वर जायचा कंटाळा आल्यासारख्या आडव्या पसरून जमिनीला टेकायला आल्या होत्या. त्यांवरून करड्या दाढ्यांसारखं स्पॅनिश मॉस (झाडांवर वाढणारी लोंबती वनस्पती) वाऱ्यावर हलत होतं. खाली अझेलियाची झुडपं, गुलाबी, किरमिजी, पांढरी, कोणी छाटलेली नाहीत, माणसापेक्षा उंच. डॉगवुडच्या नाजूक फांद्यांवर चार पाकळ्यांची पांढरी फुलं अशी आडवी बसली होती की हात लावला तर उडून जातील. एक पक्षी एकटाच दहाबारा पक्ष्यांच्या नकला करत होता. ऊन पानांतून गाळून येत होतं, पायाखाली वाळकी पानं करकरत होती, आणि मला हसू येऊ लागलं. कारण काही नव्हतं. वर्षभरात असं झालं नव्हतं, त्यामुळे मी इकडेतिकडे पाहून घेतलं, कोणी बघत नाही ना.

तुम्ही म्हणाल, जन्मभर पुस्तकांत बसलेल्या बाईला कळलं कसं नाही? नाही कळलं. माझ्या मनातलं स्मशान म्हणजे नदीकाठची पत्र्याची शेड, काळवंडलेला चौथरा आणि लाकडांच्या वजनाची पाटी. इथं फुलं होती. मधूनच वेलींत दडलेले दगड होते, एका कोपऱ्यात पंख मिटलेली दगडी मुलगी उभी होती. पण बागेत पुतळे असायचेच. आणि एका ओकच्या सावलीत, चार बुटक्या दगडी पायांवर, पांढऱ्या संगमरवराची एक लांब फळी होती. उंची बरोबर जेवायच्या टेबलाएवढी. शेजारी विटांचा कट्टा.

"पाहा, किती विचार करतात हे लोक," असं म्हणून सुलभाताईंनी फळीवर आपला रुमाल अंथरला.

मी डबे काढले. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, सुलभाताईंनी पहाटे उठून तळलेल्या पुडाच्या वड्या आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी. आम्ही कट्ट्यावर बसून जेवू लागलो. पहिला धपाटा पोटात गेला तेव्हा मला वाटलं, या क्षणी माझ्याहून सुखी बाई साऱ्या कॅरोलायनात नसेल. मग लाज वाटली. मग दुसरा धपाटा घेतला.

दह्याचा डबा जरा सरकवला तेव्हा खाली एक अक्षर दिसलं. अक्षर दिसलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. भेळ खाऊन झाली की कागद वाचायला घेणाऱ्यांतली मी. झिजलेलं कोरीव काम होतं, बोट फिरवून वाचावं लागत होतं. आधी 'हेस्टर'. पुढे 'प्रिय पत्नी'. चटणी उचलली, तिच्याखाली 'येथे विसावली आहे'.

"सुलभाताई," मी म्हटलं, "हे टेबल नाहीये."

"मग काय आहे?"

"हेस्टरबाई आहेत."

त्यांनी घाईघाईनं पदर सावरला आणि वळून पाहिलं. "कुठं? कोणी दिसत तर नाही."

"खाली."

त्या अशा उडाल्या की त्यांचा कोपर बरणीला लागला. बरणी आडवी झाली आणि लाल-पिवळं तेल निवांतपणे 'प्रिय पत्नी'वरून वाहू लागलं.

मला हसू आवरेना. भीती वाटत होती, लाज वाटत होती आणि हसू तर थांबत नव्हतं. सुलभाताई आधी रागावल्या, "तुम्ही हसून काय राहिल्या?", मग त्यांनाही हसू फुटलं. दोन विहिणी, दोघींनी साठी ओलांडलेली, एका परक्या बाईच्या कबरीला धरून हसत होत्या. मग मागून आवाज आला.

"हेस्टरला इतकी मजेशीर सोबत बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती."

गवती टोपी घातलेली एक म्हातारी बाई उभी होती. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात जेवणाची पेटी, काखेत झाडं छाटायची कात्री. त्या कबरीत होत्या तिच्या नवऱ्याच्या पणजीबाई. मी माझ्या पुस्तकी इंग्रजीत माफी मागू लागले. वाक्य इतकं लांबलं की मधेच तिनं खुर्ची उघडली, बसली आणि ते संपायची वाट पाहिली.

"मला मिस डोरिस म्हणा," ती म्हणाली. या भागात वयस्क बाईला पहिल्या नावाआधी मिस लावतात, लग्न झालेलं असो वा नसो. "जेवायला बसलात यात काही बिघडलं नाही. मीसुद्धा जेवायलाच आलेय. पण यॉल (तुम्ही सगळे), ते लाल काय आहे?"

"पिकल," मी म्हटलं.

सुलभाताईंनी तोवर लिंबू काढलं होतं. नागपूरच्या स्वयंपाकघरात तेलाचे डाग लिंबानं जातात. मिस डोरिस खुर्चीवरून निम्मी उठली. लिंबू नको, साबण नको, संगमरवर खराब होतो. आधी कोरडं काहीतरी टाकून तेल शोषून घ्या. सुलभाताईंना इंग्रजीतलं जेवढं समजायला हवं होतं तेवढं समजलं. त्यांनी पर्समधून टाल्कम पावडरचा डबा काढला आणि झाकण उघडून असा शिंपडला की हेस्टरबाईंचा दगड कॅरमचा बोर्ड दिसू लागला. मग आम्ही दोघी हलक्या हातानं पावडर थोपटत बसलो आणि मिस डोरिस आमचा एक धपाटा खात सूचना देत राहिली. "डावीकडे. अजून डावीकडे. अक्षरात घासू नका, हनी. हे फारच छान लागतंय, यात काय आहे?"

नेमक्या त्या वेळी मुक्ता आली.

तिला जे दिसलं ते माझ्याही डोळ्यांसमोर अजून आहे. आपली आई आणि आपली सासू पांढऱ्याफटक हातांनी एका कबरीला पावडर लावताहेत आणि एक अनोळखी म्हातारी खुर्चीत बसून जेवतेय.

"व्हॉट इज हॅपनिंग? आई! अहो आई! धिस इज अ ग्रेव्ह!"

"माहीत आहे," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"लोणचं सांडलं," सुलभाताई पुढे म्हणाल्या. "तू आधी जेवून घे."

मुक्ता जवळ आली. तिनं त्या तेलाच्या ओघळाकडे पाहिलं. दगडाचा एक पाय मातीत किंचित रुतला होता आणि तेल त्या बाजूला धावलं होतं. तिनं मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि बोट दगडाच्या कडेला आडवं धरलं.

"उतार चुकलाय," ती म्हणाली. "दोष लोणच्याचा नाही."

माझे हात थांबले.

तिचे बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. कालव्यांचे उतार काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या ताटातलं काहीतरी रोज शर्टावर सांडायचं, आणि रोज ते मान अशीच तिरकी करून, एक डोळा मिटून, ताटाच्या कडेला बोट आडवं धरून हेच वाक्य म्हणायचे. कधी दोष वरणाचा नसायचा, कधी आमरसाचा. शब्द तेच, आवाजसुद्धा जवळजवळ तोच.

मुक्तालाही ते कळलं. बोट तसंच राहिलं. आता ती गाडीकडे जाईल, काहीतरी पुसायला घेईल, असं मला वाटलं. पण तिथं डिशवॉशर नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या तोंडातून शिंकेसारखा एक आवाज आला आणि ती हसू लागली. हसत हसत कट्ट्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी एकमेकींच्या कपड्यांना पावडर फासत हसत राहिलो.

"मला कोणी सांगेल का?" मिस डोरिस म्हणाली.

मुक्तानं डोळे पुसत तिला इंग्रजीत सांगितलं. माझे बाबा असं म्हणायचे. ते गेल्या वर्षी गेले. मला जाता आलं नाही.

मिस डोरिसनं मान हलवली. काही शहाणपणाचं बोलेल अशी माझी भीती होती, पण ती म्हणाली, "खाणारा माणूस होता का?"

"खाणारा?" मुक्ता म्हणाली. "तुम्हाला कल्पना नाही." आणि मग बाबा एका लग्नात पैज लावून जिलब्या खाताना पंगतीतच कसे झोपले, ते तिनं सांगायला घेतलं. मधे मी दुरुस्ती केली की ती पैज नव्हती, शुद्ध हौस होती. ती म्हणाली, नाही आई, पैजच होती, त्यांनी मला खरं सांगितलं होतं. आम्ही भांडलो! बाबांवरून, मोठ्यानं, परक्या माणसासमोर. मला इतका आनंद झाला की मी हार मानून टाकली.

मिस डोरिसनं तिची पेटी उघडली. पिमेंटो चीज (लाल मिरची घातलेलं चीज) लावलेली सँडविचेस आणि डेव्हिल्ड एग्ज, म्हणजे उकडलेल्या अंड्यांचा बलक मोहरीत कालवून पुन्हा भरलेला. सुलभाताईंचा शनिवार असतो. त्यांनी अंड्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"नागपुरात आता रविवार लागला असेल नाही?" त्यांनी मला विचारलं.

मी मनात हिशेब केला. नागपुरात शनिवारच होता, रात्रीचे साडेदहा. "लागला असेल," मी म्हटलं.

जेवणानंतर मिस डोरिसनं आम्हाला तिच्या घरच्या सगळ्या मंडळींची ओळख करून दिली. हे दीर, या नणंदबाई, यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही म्हणून मध्ये झुडूप. शेवटी नवऱ्याचा दगड. त्यावर त्याच्या नावाशेजारी तिचंही नाव कोरलेलं होतं, जन्माच्या वर्षासकट, आणि पुढची जागा मोकळी. तिनं स्वतःच्या नावावरची वाळकी पानं हातानं झाडली.

"बापा!" सुलभाताई माझ्या कानात म्हणाल्या. "स्वतःचीच झाडलोट करून राहिली बाई."

"त्याची बाजू सावलीत आहे, पाहिलंत?" मिस डोरिस तक्रार करत होती. "माझ्यावर दुपारभर ऊन. बाजू बदलू म्हणून मी मागे लागले होते. पण तो आधी गेला आणि चांगली जागा पकडली."

निघताना तेलाचा डाग फिकट केशरी उरला होता. अजून दोनदा पावडर लावली की जाईल, नाही गेला तर हेस्टरला रंग शोभतो, असं मिस डोरिस म्हणाली. सुलभाताईंनी पावडरचा डबा तिलाच देऊन टाकला.

बोट आणि समुद्र राहिले ते राहिलेच. परतीच्या वाटेवर मुक्ता थांबली नाही. गाडीही नाही आणि तोंडही नाही. बाबांची स्कूटर, बाबांची शीळ, बाबांनी तिला पोहायला शिकवताना स्वतः घेतलेल्या गटांगळ्या. मग तिचा आवाज खाली आला आणि ती विचारू लागली. त्या दिवशी फोनवर तिला मुख्यतः छत आणि कोणाचे तरी खांदे दिसले होते. बाबांच्या अंगावर काय होतं? चेहरा कसा होता? चष्मा काढला होता का? मी मागच्या सीटवरून एकेक सांगत गेले. सुलभाताई, ज्यांना गप्प बसायची सवय नाही, त्या कॅरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

घरापाशी गाडी थांबली तेव्हा उजेड अजून होता. मुक्ता दाराकडे वळली, तशा सुलभाताईंनी तिचा दंड धरला.

"कुठं चालली? स्मशानातून आलो आपण. आंघोळीशिवाय घरात पाय नाही ठेवायचा."

"अहो आई, शॉवर आत आहे."

"म्हणून तर म्हणते."

तिघी अंगणात उभ्या राहिलो. गॅरेजशेजारी गाडीवरचा पराग धुवायची बागेची नळी वेटोळं घालून पडली होती. सुलभाताईंनी ती सोडली, आपल्या पायांवर, हातांवर पाणी घेतलं, माझ्या पायांवर सोडलं आणि त्यांच्या लेखी काम झालं. नळी बंद करायला त्या वळल्या, तेव्हा मुक्तानं ती त्यांच्या हातून घेतली आणि डोक्यावर धरली. जीन्स, शर्ट, घड्याळ, सगळ्यासकट.

"अगं, गार आहे ते!" मी म्हटलं.

"माझी राहिलीय, आई." पाणी तिच्या तोंडावरून वाहत होतं. "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी घरी येऊन आंघोळी केल्या ना? मी फोन बंद केला, तोंड धुतलं आणि मीटिंगला बसले. माझी आंघोळ राहिलीय."

आपलं माणूस गेल्याचं कळलं की अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान करायचं, याला सचैल स्नान म्हणतात. शब्द मला पुस्तकातून माहीत होता. मी तिच्या हातातली नळी घेतली आणि लहानपणी न्हाऊ घालायचे तशी, एक हात कपाळावर आडवा धरून, तिच्या डोक्यावर पाणी सोडत राहिले. ती थरथरत होती. रडत होती आणि मधूनच थंडीनं 'ईऽऽ' करून हसतही होती. तिच्या अंगावरचा परागही धुऊन निघत होता. पायांशी पिवळं पाणी साचलं होतं. मीही चिंब झाले होते. कुत्र्याला फिरवणारा एक शेजारी थबकला.

"पोलन?" त्यानं काळजीनं विचारलं.

"पोलन!" आम्ही तिघी एका आवाजात ओरडलो. त्यानं सहानुभूतीनं हात हलवला आणि गेला.

आवाज ऐकून निनादनं दार उघडलं. नाक लाल, हातात रुमाल. निथळणारी बायको, निथळणारी सासू आणि नळाशी उभी असलेली आपली आई, यांच्याकडे तो आळीपाळीनं बघत राहिला.

"अगं, काय झालं?"

"बाबा गेले रे," मुक्ता म्हणाली, जणू बातमी आत्ताच आली होती.

निनाद पायऱ्या उतरून तसाच त्या पिवळ्या पाण्यात आला आणि त्यानं तिला जवळ घेतलं. मग त्याला ओळीनं चार शिंका आल्या.

आता मी पुण्यात परत आलेय. अमेरिकेत काय पाहिलं, असं लोक विचारतात. मी सांगते, विल्मिंग्टनला फुलं फार छान असतात. तिथं आम्ही जेवायलाच गेलो होतो, एका ओळखीच्या बाईंकडे.